खालची फळी धरत नाहीत

चर्चच्या तळघरात डॉ. पिकेटबाईंनी पाकिटं वाटली. लोकांनी ती उघडली, वाचली आणि कुणी काहीच बोललं नाही. आल्टो मिल या फिनिश वस्तीच्या गावात एवढ्यावरून काही समजायचं नसतं. इथली माणसं खूश झाली तरी गप्प बसतात, आणि घराला आग लागली तरी आधी थोडा वेळ गप्पच बसतात. बाई मिशिगनच्या दक्षिण भागातल्या विद्यापीठातून आल्या होत्या. त्यांना वाटलं, सगळं सुरळीत चाललंय.

मग टॉइमी लाह्तीनं हात वर केला. टॉइमीनं आयुष्यभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे चार लोकांत बोलायची त्याला भीती नव्हती.

"बाई, माझ्या कागदावर छापताना काहीतरी चुकलंय."

"काय लिहिलंय?"

"ईस्टरपर्यंत साउना घेऊ नका, असं लिहिलंय."

"बरोबर आहे."

"आणि शॉवर घेतला तर चालेल म्हणे."

"हो, शॉवरला काही हरकत नाही."

"बाई, शॉवरखाली माणूस भिजतो. त्याची अंघोळ होत नाही."

साउना म्हणजे लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी टाकून त्या वाफेत बसायचं; आल्टो मिलमध्ये त्यालाच अंघोळ म्हणतात. आता तळघरात कुजबुज सुरू झाली. खरं तर या अभ्यासाला नावं देतानाच बाईंनी सगळ्यांना नीट सांगितलं होतं की दोन गट होतील, आणि कोण कुठल्या गटात ते कंप्युटर ठरवील. एक गट नेहमीसारखी साउना घेणार, दुसरा हिवाळाभर बंद ठेवणार. सगळ्यांनी ऐकलं होतं, मान डोलावली होती, सही केली होती. फक्त प्रत्येकानं असं धरलं होतं की दुसऱ्या गटात दुसरं कुणीतरी असेल.

बाईंनी पुन्हा समजावून सांगितलं. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. जी माणसं आठवड्यातून बरेचदा साउनात बसतात, त्यांना हृदयाचा त्रास कमी होतो असं त्यांना दिसलं होतं. पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. ज्याचं हृदय आधीच धड नाही तो त्या उकाड्यात जातच नसेल, असंही असू शकतं. साउनामुळे माणूस धडधाकट राहतो की धडधाकट माणूसच साउनात जातो, हे कळायचं तर काही जणांची साउना थांबवून बघायला हवी.

"मग दारू पिणाऱ्यांची थांबवा," टॉइमी म्हणाला. "त्यांना थांबायची सवय तरी असते. वर्षातून दोनदा थांबतात."

शेवटच्या बाकावर रेनो कांगास बसला होता. त्यानंही आपला कागद वाचला. साउना बंद. त्यानं कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. सगळ्या तळघरात हायसं वाटलेला दुसऱ्या गटातला तो एकटाच माणूस होता.

कॉफीच्या टेबलामागे हेल्मी उभी होती. ती रेनोच्या बायकोची थोरली बहीण. अभ्यासात ऐंशीच्या आतली माणसं हवी होती, म्हणून हेल्मीनं आपलं वय एकोणऐंशी सांगितलं होतं. ते ती सलग तिसऱ्या वर्षी सांगत होती. बाईंनी जन्मतारीख बघायला तिचा गाडीचा परवाना मागितला आणि तिथं सगळं संपलं. तेव्हापासून हेल्मी बाईंना कॉफी देत होती, पण वेलची घातलेला पाव देत नव्हती.

रेनो कप घ्यायला आला तेव्हा तिनं विचारलं, "तुला काय आलं?"

"बंद."

"हं," हेल्मी म्हणाली. "तुझी तर आधीपासूनच बंद आहे. तुला फुकट बक्षीस लागलं."

रेनोची बायको सिल्वी सप्टेंबरात गेली. तेव्हापासून रेनोनं साउना पेटवली नव्हती.

ती साउना त्या दोघांनी मिळून बांधली होती, लग्नाच्या वर्षी, घराच्या आधी. घराचं छत व्हायच्या आत बर्फ आलं, तेव्हा पहिला हिवाळा दोघांनी साउनातच काढला. वर दगड रचलेली चूल होती, दोन फळ्या होत्या, एक खिडकी होती. वरच्या फळीवर झोपायचं, खालच्या फळीवर जेवायचं. पुढं घर झालं, मुलगी झाली, मुलगी ऑरेगॉनला गेली. पण शनिवारची साउना कधी चुकली नाही. सिल्वी दगडांवर पाणी टाकायची ती एकदाच, पण असं टाकायची की वाफ छताला जाऊन हळूहळू खांद्यांवर उतरायची. रेनो टाकायचा तेव्हा ती फस्सकन तोंडावर यायची. "तू पाणी टाकत नाहीस," सिल्वी म्हणायची, "तू रस्त्यावर मीठ टाकतोस."

हे बोलणं त्याच्या धंद्यावरून होतं. रेनोनं तीस-पस्तीस वर्षं काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ काढायचा आणि ते वितळायला रस्त्यावर मीठ टाकायचा ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नव्हते. सकाळी उजाडायच्या आत तो पोस्टासमोरचा रस्ता मोकळा करायचा, मग चर्चच्या पायऱ्या, मग हेल्मी राहायची त्या म्हाताऱ्या लोकांच्या इमारतीचं फाटक. या हिवाळ्यातही त्यानं यातलं काही सोडलं नाही. सोडली ती फक्त एक वाट, त्याच्या घराच्या मागच्या दारापासून साउनापर्यंतची. तिथं बर्फ पडत गेलं आणि साचत गेलं. जानेवारीत ते दाराच्या कडीपर्यंत आलं.

ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, आणि सगळं गाव तिच्याबद्दल गप्प होतं. पाकिटं मिळायच्या आधी रेनो काहीबाही सांगायचा. चिमणी साफ करायची आहे. लाकूड ओलं आहे. आता त्याला सांगायला चांगलं कारण मिळालं. "विद्यापीठाचं काम आहे," तो म्हणायचा. "शब्द दिलाय."

अडचण फक्त हेल्मीची होती.

हेल्मी लग्न करून विधवा होऊन परत गावात आली, तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता बहिणीच्या साउनात यायची. तिच्या इमारतीत शॉवर होता. त्याचं पाणी, हेल्मीच्या शब्दांत, माणसावर थुंकायचं. टॉइमीकडे विजेवर चालणारी साउना होती. त्यात ती एकदा बसली होती. "तो टोस्टर आहे," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "आणखी थोडा वेळ बसले असते तर उडून बाहेर पडले असते."

सिल्वी गेल्यानंतरच्या शनिवारीही ती चार वाजता आली. टॉइमीनं तिला गाडीतून सोडलं. काखेत तिचा राखाडी टॉवेल होता. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, टॉवेल मांडीवर ठेवला. रेनोनं कॉफी केली. दोघांनी प्यायली. साडेपाचला टॉइमीनं बाहेर हॉर्न वाजवला, ती उठली, कोरडा टॉवेल काखेत घेतला आणि गेली.

पुढच्या शनिवारीही तेच झालं. सगळा हिवाळा तेच चाललं.

"हेल्मी, मी पेटवणार नाहीये," फेब्रुवारीत एकदा रेनो म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं?"

"टॉवेल कशाला आणतेस मग?"

"माझा टॉवेल आहे. मी कुठंही नेते."

"ईस्टरपर्यंत बंद ठेवायचा शब्द दिलाय."

"ठेव की. मी ईस्टरनंतरही येणार आहे." तिनं पाव कॉफीत बुडवला. "आणि हे कारण संपलं की दुसरं शोधायला तुला वेळ लागेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."

रेनोला राग आला. पण तिला दार बंद करणं त्याला जमलं नसतं. वाटेकडं तोंड करून बसायची तिची जागा ठरलेली होती. खिडकीतून साउनाचं छत तेवढं दिसायचं, आणि थंड चिमणी.

डॉ. पिकेटबाई महिन्यातून एकदा येऊन चर्चच्या तळघरात सगळ्यांचा रक्तदाब मोजायच्या. मार्चात त्या आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. दोन्ही गटांचे आकडे सारखेच येत होते. शिवाय जी गोष्ट आधीच त्यांच्या लक्षात यायला हवी होती ती आता आली. साउना बंद असलेल्या गटाचे गाल टमाट्यासारखे होते, आणि त्यांच्या कोटांना लाकडाच्या धुराचा वास येत होता.

त्यांनी टॉइमीच्या दंडाला पट्टा बांधला आणि सरळ विचारलं, "टॉइमी, तुम्ही साउना घेता का?"

टॉइमीनं विचार केला. "घेतो असं म्हणता येणार नाही."

"म्हणजे?"

"मी खालच्या फळीवर बसतो."

"त्यानं काय होतं?"

"बाई, खालची फळी लहान मुलांची असते, तिथं फारसं तापत नाही. खालची फळी धरत नाहीत."

बाईंनी पट्टा सोडला. बाजूच्या खुर्चीवर वाल्मा निएमी मोजे विणत बसली होती. बाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"मी फक्त नातीबरोबर जाते," वाल्मा म्हणाली. "तिला एकटीला आत भीती वाटते."

"केवढी आहे नात?"

"कॉलेजात आहे. पण भित्री आहे."

तिच्या पलीकडचा म्हातारा कुणी विचारायच्या आतच बोलला. "माझी चूल बिघडली होती. दुरुस्त केल्यावर चालते की नाही ते बघायला नको का?"

"किती वेळा दुरुस्त केलीत?"

"फार बिघडते," तो खेदानं म्हणाला.

बाई खुर्चीत बसल्या. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही साउनाबद्दल विचारत होता," टॉइमी म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. आल्टो मिलमध्ये कुणी खोटं बोलत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतात.

शेवटी बाई रेनोकडं वळल्या. आता त्यांच्या आवाजात फारशी आशा नव्हती. "आणि कांगास, तुम्ही? खालच्या फळीवर?"

"नाही."

"चूल दुरुस्त करायला?"

"दार उघडलेलं नाही."

तळघरात सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघू लागले. टॉइमीला एखादं वाक्य सुचलं असणार, पण त्यानं ते गिळलं.

बाईंनी रेनोचा रक्तदाब घेतला. मग पुन्हा घेतला. जानेवारीपासून तो चढतच होता. "झोप लागते का?"

"लागते."

"रात्रभर?"

"रात्र फार मोठी असते," रेनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. चारच्या सुमाराला रेनोच्या दारात बाईंची गाडी थांबली. गावात त्यांनी घर विचारलं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, ज्या घरासमोरचं बर्फ सुरीनं कापल्यासारखं दिसेल ते. आत हेल्मी आपल्या जागेवर बसली होती, टॉवेल मांडीवर. रेनोनं तिसरा कप काढला. हेल्मीनं बाईंकडं थोडा वेळ बघितलं आणि वेलचीच्या पावाची ताटली त्यांच्याकडं सरकवली. परवान्याची गोष्ट तिनं सोडून दिली होती, निदान त्या दुपारपुरती.

"मी आभार मानायला आले," बाई म्हणाल्या. "माझ्या दुसऱ्या गटात शब्द पाळणारा एकच माणूस निघाला."

"मग काम झालं ना तुमचं?" रेनो म्हणाला.

"नाही. एका माणसाचा गट होत नाही. इथला अभ्यास मी बंद करतेय. दुसऱ्या कुठल्यातरी गावात करू, जिथं लोकांना साउना एवढी लागत नाही."

"ईस्टर यायचाय अजून."

"आता गरज नाही. तुम्ही मोकळे आहात."

रेनोनं कप खाली ठेवला. मोकळं व्हायचं त्याच्या मनात नव्हतं. "मी ठेवतो तरी बंद. तुमच्या उपयोगाला येईल."

"डॉक्टरबाई," हेल्मी म्हणाली, "या माणसाला तुम्ही अभ्यासात कशाला घेतलं होतं?"

"साउना बंद झाली की माणसाचं काय होतं ते बघायला."

"मग बघा की. समोर बसलाय."

हेल्मी हे गमतीनं म्हणत नव्हती. बाईंनी रेनोकडं पाहिलं, त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडं, सैल झालेल्या शर्टाच्या गळ्याकडं.

"ते साउनामुळं नाही," रेनो म्हणाला.

सप्टेंबरपासून त्यानं सिल्वीच्या जाण्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. त्याला वाटलं त्याहून ते मोठ्यानं निघालं.

बाईंनी डॉक्टर बोलतात तसं नाही, साधं सांगितलं. "मला माहीत नाही. साउना बंद झाली म्हणून, की तुमच्या पत्नी गेल्या म्हणून, हे एका माणसाकडं बघून सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी झालं. तुमच्या शब्दाचा मला काही उपयोग नाही, कांगास. तुम्हाला आहे का ते तुम्ही बघा."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. हेल्मीनं टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"टॉइमी येईल साडेपाचला," ती म्हणाली. "येऊ दे. पुढच्या शनिवारी येते."

रेनो उठला. त्यानं कोट चढवला, टोपी घातली आणि मागच्या दाराबाहेर गेला. दोघींना खिडकीतून दिसलं, त्यानं भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि वाटेच्या तोंडाशी नुसता उभा राहिला. जणू काउंटीनं त्याला पहिल्यांदाच एखादा रस्ता दिला होता आणि तो कुठं जातो हे त्याला माहीत नव्हतं.

"काय करताहेत ते?" बाईंनी विचारलं.

"काही बोलू नका," हेल्मी म्हणाली. "बोललं की घोडा बुजतो."

त्यानं पहिलं फावडं मारलं. वरचं बर्फ हलकं होतं, खालचं डिसेंबरचं, दगडासारखं. तो वाकून वाकून कापत गेला. थोड्या वेळानं डॉक्टरबाईंना राहवलं नाही. त्या दुसरं फावडं घेऊन बाहेर गेल्या. त्यांना बर्फ काढता येत नव्हतं. त्या ते एका बाजूनं उचलून त्यानं साफ केलेल्या बाजूला टाकत होत्या. रेनोनं दोनदा ते गुपचूप पुन्हा काढलं.

हेल्मीनं दार किलकिलं केलं. "ट्रकमध्ये बसायची सवय झाली तुला," ती ओरडली. "सिल्वीनं एव्हाना पाणी तापवलं असतं."

रेनोचं फावडं जोरात चालू लागलं.

दार उघडायला त्याला खांदा लावावा लागला. आत थंड लाकडाचा आणि साबणाचा वास होता. बादलीवर तांब्याची पळी उपडी ठेवलेली होती, सिल्वीनं ठेवली होती तशी. खिळ्यावर तिचा निळा रुमाल होता. रेनोनं त्याला हात लावला नाही. चुलीपुढं गुडघ्यावर बसून त्यानं भूर्जाची साल पेटवली. धूर मागं फिरून त्याच्या डोळ्यांत गेला. चिमणी बरेच महिने थंड असली की पहिला धूर मागं फिरतोच, त्यामुळे डोळे पुसायला त्याला कुणाला कारण द्यावं लागलं नाही.

साडेपाचला टॉइमीनं हॉर्न वाजवला. कुणी बाहेर आलं नाही. तो घराच्या बाजूनं मागं आला, चिमणीतून सरळ वर जाणारा धूर बघितला आणि परत जाऊन गाडीचं इंजिन बंद केलं. मग तो येऊन साउनाच्या दाराबाहेरच्या बाकावर रेनोशेजारी बसला. दोघं दगड तापायची वाट बघू लागले.

"तू या गटात नाहीस ना आता?" टॉइमीनं विचारलं.

"गटच नाही."

"मग मी वरच्या फळीवर बसू शकतो."

"तू आजवर कधी खालच्या फळीवर बसलास?"

"बसलो की," टॉइमी म्हणाला. "वर जाता जाता."

पाहुणी आली की तिला आधी आत पाठवतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला मोटेलवर जायचंय, मी कपडे आणलेले नाहीत. हेल्मीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू बाईंच्या सगळ्या शिक्षणाचीच तिला शंका आली. "कपडे घालून कोण अंघोळ करतं?" ती म्हणाली आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेली.

बाहेर दोघं म्हातारे बसले होते. आत पावलं वाजली, फळी करकरली. मग दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला, फस्सकन, आणि डॉक्टरबाईंचा एक दीर्घ श्वास.

"फार टाकलं," रेनो आपल्याशीच म्हणाला.

"हेल्मीला सांग."

"मला काय जगायचा कंटाळा आलाय?"

दोघी बाहेर आल्या तेव्हा अंधार पडला होता. डॉक्टरबाई लाल झाल्या होत्या आणि बर्फात अनवाणी उभ्या होत्या, हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग गप्पच राहिल्या. हेल्मीनं मान डोलावली. बाई शिकत होत्या.

"बरी तापली होती," हेल्मी रेनोला म्हणाली. "सिल्वीसारखी नाही. पण बरी."

"ते तुझं पाणी. तू मीठ टाकल्यासारखं टाकतेस."

हेल्मी थबकली. हे वाक्य तिनं बहिणीच्या तोंडून कितीतरी शनिवार ऐकलं होतं. मग तिनं बूट घातले. "मग आता तू जा आणि नीट टाकून दाखव," ती म्हणाली.

टॉइमी दोघींना बाईंच्या गाडीपर्यंत पोचवून परत आला; हेल्मीला आज बाईच घरी सोडणार होत्या. रेनो तोवर कपडे काढायच्या खोलीत गेला होता. खिळ्यावर निळा रुमाल होता. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर, जो सप्टेंबरपासून रिकामा होता, हेल्मीचा राखाडी टॉवेल टांगला होता. ओला, जड, खालून थेंब थेंब गळत.

"टॉवेल विसरली वाटतं," टॉइमी म्हणाला. "देऊन येऊ?"

"राहू दे," रेनो म्हणाला. "वाळेल शनिवारपर्यंत."

आणि पळी घेऊन तो वरच्या फळीवर चढला.